पडघम वाजवणारा मासा: ब्लॅक ड्रम, खाडीचे वाटाडे आणि समुद्रावरचा हक्क

१/ अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात केप कोरल नावाचे शहर आहे. खोदून काढलेल्या कालव्यांसाठी ते ओळखले जाते. या कालव्यांची एकूण लांबी सुमारे ४०० मैल भरते. २००५ च्या आसपास कालव्याकाठी राहणारे लोक एका विचित्र त्रासाने हैराण झाले. हिवाळा सरत आला की रात्री घराच्या भिंतींतून दबका, खोल, एकाच लयीतला आवाज घुमू लागे. झोप उडे, पण आवाजाचे मूळ सापडत नसे. नव्याने टाकलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्यांवर अनेकांचा संशय होता.

२/ दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधक जेम्स लोकॅशिओ आणि डेव्हिड मान यांनी कालव्यांत पाण्याखालचे ध्वनिग्राहक सोडले आणि उत्तर मिळाले. वाहिन्या निर्दोष होत्या. विणीच्या हंगामात कालव्यांत शिरलेले मासे माद्यांना साद घालत होते. तो खोल नाद पाण्यातून जमिनीत आणि जमिनीतून घरांत पोहोचत होता. या माशाचे नाव ब्लॅक ड्रम, म्हणजे काळा पडघम. त्याचा इतिहास वाचताना एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: समुद्रातला मासा नेमका कोणाचा?

३/ आधी आवाजाविषयी. माशाच्या पोटात हवेने भरलेली पिशवी असते. तिच्यालगतचे स्नायू वेगाने आकुंचन पावले की पिशवी ढोलाच्या कातड्यासारखी थरथरते. ज्या मत्स्यकुळात ही कला आहे, त्याचे शास्त्रीय नाव सायनिडी. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हे कूळ परके नाही. आपली घोळ, कोथ आणि ढोमा त्याच कुळातले. घोळीच्या पोटातली हीच पिशवी पालघर-मुंबईचे कोळी 'बोत' म्हणून ओळखतात, आणि तिला सोन्याचा भाव मिळतो. एकोणिसाव्या शतकात माशांच्या अशा वाळवलेल्या पिशव्या मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत. ज्या अवयवाने फ्लोरिडातील लोकांची झोप उडवली, त्याच अवयवावर मुंबईतला एक व्यापार उभा होता.

४/ ब्लॅक ड्रम हा या कुळातील सर्वांत मोठ्या माशांपैकी एक आहे. हनुवटीवर लोंबणाऱ्या मिशा, कुबडासारखी पाठ, करडा-काळा रंग असे त्याचे रूप. पिल्लांच्या अंगावर उभे काळे पट्टे असतात, ते वयाबरोबर पुसट होत जातात. गढूळ पाण्यात मिशांनी चाचपडत तो तळावरचे भक्ष्य शोधतो. त्याच्या घशात दगडी पाट्यासारखे चपटे दात असतात आणि त्यांच्या जोरावर तो कालवे, शिंपले, खेकडे कवचासकट भरडून खातो. हे दात पुढे त्याच्या बदनामीला कारणीभूत ठरले.

५/ टेक्सासच्या किनाऱ्यावर युरोपीय येण्यापूर्वी कारांकावा लोकांची वस्ती होती. त्यांच्या जुन्या तळांच्या उत्खननात माशांच्या कानातले खडे मोठ्या संख्येने मिळतात. प्रत्येक माशाच्या डोक्यात चुन्याचे असे खडे असतात आणि झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांवर वाढीची वलये उमटतात. वलयांवरून माशाचे वय कळते, आणि शेवटचे वलय कितपत भरले आहे यावरून तो कोणत्या ऋतूत पकडला गेला तेही कळते. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट रिकलिस यांनी अशा पुराव्यांवरून दाखवले की कारांकावा लोक शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत किनाऱ्यावर राहत आणि त्या काळात ब्लॅक ड्रम, रेड ड्रम व सीट्राउट हा त्यांचा मोठा आधार असे.

६/ १५२८ मध्ये स्पॅनिश मोहिमेतला काबेसा दे बाका याच किनाऱ्यावर, आजच्या गॅल्व्हस्टनजवळ, जहाजफुटीनंतर येऊन पडला. स्थानिक लोकांनी त्याला अन्न दिले. पुढे लिहिलेल्या वृत्तांतात त्याने वेताच्या कुडांनी मासे अडवण्याच्या त्यांच्या पद्धतीची नोंद केली आहे. परक्या माणसाला या खाडीत तगवणारे ज्ञान स्थानिकांचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या चार शतकांत त्या ज्ञानाला वेगळेच मोल येणार होते.

७/ इंग्रज वसाहतींच्या काळात हा मासा लिखित नोंदींत आला. जॉन लॉसन याने १७०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅरोलिनाच्या वर्णनात लाल आणि काळा अशा दोन्ही ड्रम माशांचा उल्लेख आहे. १७६६ मध्ये लिनिअसने काळ्या ड्रमला शास्त्रीय नाव दिले. आज तो 'पोगोनियास क्रोमिस' या नावाने ओळखला जातो. त्यातल्या पहिल्या शब्दाचे ग्रीक मूळ 'दाढीवाला' या अर्थाचे आहे.

८/ नाव मिळाले तरी मान मिळाला नाही. मोठ्या ड्रमचे मांस जाड्याभरड्या पोताचे असते आणि त्यात अनेकदा पांढरे लांबट कृमी आढळतात. ते माणसाला अपाय करत नाहीत, पण गिऱ्हाइकाला किळस येण्यास पुरेसे असतात. त्यातच एकोणिसाव्या शतकात कालवांची शेती हा किनाऱ्यावरचा मोठा धंदा झाला. ड्रमचा एक थवा कालवांच्या मळ्यावर उतरला की मालकाच्या हाती फुटक्या कवचांचा ढीग उरे. कालवांच्या मालकांसाठी हा मासा शत्रू होता आणि बाजारासाठी हलका माल. तो आला की घरी खाल्ला जाई, किंवा स्वस्तात विकला जाई.

९/ याच काळात मासेमारीचा दुसरा अर्थ आकार घेत होता. १८८५ मध्ये फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर डब्ल्यू. एच. वूड या न्यूयॉर्कच्या माणसाने गळ आणि काठीने टार्पन हा प्रचंड मासा पकडला आणि त्याची बातमी दूरवर पोहोचली. टार्पन खाण्यास फारसा चांगला नाही. त्याला पकडण्याची झुंज हेच त्याचे आकर्षण. उत्तरेतले धनिक दक्षिणेच्या खाड्यांकडे येऊ लागले. पोटासाठी मासे धरणाऱ्याच्या पाण्यात आता हौसेसाठी मासे धरणारा उतरला.

१०/ या पाहुण्याकडे पैसा होता, पण खाडीची ओळख नव्हती. कोणत्या वाळूच्या बांधामागे भरतीला मासा येतो, वारा उत्तरेकडे फिरला की तो कोठे दडतो, कोणत्या महिन्यात कोणते आमिष लागते, हे केवळ तिथे जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक होते. पाहुण्याने ते ज्ञान दिवसाच्या भाड्याने घ्यायला सुरुवात केली. अशा रीतीने खाडीतला मच्छीमार 'गाइड' झाला.

११/ टेक्सासचे पोर्ट अरान्सस हे या बदलाचे उत्तम उदाहरण. १९११ मध्ये आजचे नाव मिळण्याआधी या गावाचे नावच 'टार्पन' होते. १८८६ मध्ये सुरू झालेली टार्पन इन ही खानावळवजा सराई आजही तिथे आहे. तिच्या भिंतींवर टार्पनचे खवले टांगलेले असून त्यांवर ते मासे पकडणाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यातला एक खवला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीचा. मे १९३७ मध्ये ते इथे मासेमारीला आले, तेव्हा त्यांचा गाइड होता बार्नी फार्ली. फार्ली कुटुंब टार्पनच्या शिकारीसाठी खास घडवलेल्या लाकडी होड्या बांधण्यासाठी प्रसिद्ध होते. देशाचा सर्वोच्च सत्ताधीश काही तासांपुरता गाइडच्या शब्दावर चालत होता.

१२/ धंदा वाढला तसा कायदाही आला. १९४० च्या मोटरबोट कायद्याने भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या यांत्रिक होड्यांवर परवानाधारक चालक असणे सक्तीचे केले. लहान होडीवर जास्तीत जास्त सहा प्रवासी नेण्याचा जो परवाना आजचे बहुतेक गाइड बाळगतात, त्याला बोलीभाषेत 'सिक्स-पॅक' म्हणतात. पिढीजात ज्ञानाला सरकारी कागदाची जोड मिळाली. 'कॅप्टन' ही उपाधी खाडीतल्या लहानशा होडीवरही रूढ झाली.

१३/ दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही बाजूंच्या हाती नवी साधने आली. हौशी मासेमाराला हलकी फायबरग्लासची होडी आणि स्वस्त इंजिन मिळाले. व्यावसायिकाला पाण्यात जवळपास न दिसणारे नायलॉनचे एकधागी जाळे मिळाले. १९६० च्या दशकापर्यंत टेक्सासच्या किनाऱ्यावरून टार्पन जवळजवळ दिसेनासा झाला. गाइडचा धंदा आता खाडीतल्या रेड ड्रम आणि सीट्राउट या माशांवर आला, आणि नेमके हेच मासे जाळेवाल्यांच्याही कमाईचे होते. एकाच ताटात दोन हात आले.

१४/ १९७७ मध्ये ह्यूस्टनमध्ये काही हौशी मासेमारांनी गल्फ कोस्ट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संघटना स्थापन केली. रेड ड्रमची घटती संख्या हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यांच्याकडे पैसा, वकील व राजकीय ओळखी होत्या. १९८१ मध्ये टेक्सासने स्थानिक पाण्यातले रेड ड्रम आणि ठिपकेदार सीट्राउट विकण्यावर बंदी घातली. १९८८ मध्ये राज्याच्या किनारी पाण्यातून जाळीच हद्दपार झाली. मात्र १९८१ च्या कायद्यात ब्लॅक ड्रम नव्हता. तो वाचवण्याच्या योग्यतेचा मासा आहे, असे कोणालाच वाटले नव्हते.

१५/ त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये एका स्वयंपाकघरात इतिहास घडत होता. शेफ पॉल प्रुडोम यांनी १९७९ मध्ये के-पॉल्स लुइझियाना किचन हे उपाहारगृह उघडले. लोण्यात बुडवलेला, मसाल्यात घोळवलेला आणि धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळपट भाजलेला रेड ड्रम, म्हणजेच 'ब्लॅकन्ड रेडफिश', हा त्यांचा पदार्थ पाहता पाहता देशभर पसरला. मागणी इतकी वाढली की खोल समुद्रात पर्ससीन जाळ्यांच्या नौका विमानांच्या साहाय्याने रेड ड्रमचे थवे हेरू लागल्या. हे थवे प्रजननक्षम, कित्येक वर्षे जगलेल्या मोठ्या माशांचे होते. भांडवलालाच हात लागला होता. १९८६ मध्ये केंद्र सरकारने आणीबाणीचा उपाय म्हणून आखाताच्या केंद्रीय हद्दीत ही मासेमारी रोखली. ती हद्द आजही रेड ड्रमसाठी बंद आहे.

१६/ तव्याला मात्र मासा हवाच होता. तो मिळाला काळ्या ड्रमच्या रूपाने. लहान वयाच्या ड्रमचे मांस पांढरे आणि घट्ट असते, मसाल्याखाली फरक कळत नाही. पिढ्यान्पिढ्या ज्याला कोणी विचारत नव्हते तो मासा रातोरात बदली खेळाडू म्हणून उतरला. लुइझियानात त्याची पकड झपाट्याने वाढली. मग राज्यांना जाग आली आणि या माशासाठीही आकार व संख्येच्या मर्यादा ठरवाव्या लागल्या. एका माशाला दिलेले संरक्षण दुसऱ्यावरचा भार ठरू शकते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

१७/ नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून गुंतवणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली. ती १ जुलै १९९५ पासून लागू झाली. सुमारे ७२ टक्के मते बंदीच्या बाजूने होती. १९९५ मध्ये लुइझियानानेही गिलनेटवर कठोर निर्बंध घातले. जाळेवाल्या मच्छीमारांची संख्या मतदारांच्या तुलनेत नगण्य होती. सीडार कीसारख्या गावात त्यांना प्रशिक्षण देऊन शिंपल्यांच्या शेतीकडे वळवण्यात आले आणि ती शेती तिथे चांगली रुजली. काहींनी होडी विकली. काही जण, ज्यांनी आयुष्यभर जाळे ओढले होते, तेच आता पाहुण्यांना होडीत बसवून गळ टाकायला शिकवू लागले.

१८/ या संघर्षात खलनायक शोधणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. जाळ्यांमुळे आणि पर्ससीनमुळे काही माशांवर असह्य ताण आला होता, हे खरे. बंदीनंतर टेक्सासच्या खाड्यांत ब्लॅक ड्रमची संख्या वाढली, हेही राज्याच्या पाहण्यांतून दिसते. पण त्याग कोणी केला, हा प्रश्न उरतोच. ज्याचे घर मासळीवर चालत होते, त्याच्या हातून साधन गेले. ज्याची सुट्टी मासळीवर रंगत होती, त्याची काठी राहिली. बाजारातून मासा विकत घेऊन खाणारा, ज्याच्याकडे ना होडी ना काठी, तो तर या वादात कुठेच नव्हता. संवर्धनाचा हेतू शुद्ध असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

१९/ आज गॅल्व्हस्टनच्या बंदरापाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या लांब दगडी धक्क्यांलगत फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गाइडच्या होड्या उभ्या असतात. विणीसाठी जमलेले मोठे ड्रम इथून जातात. खेकड्याचे दोन किंवा चार तुकडे करून एक तुकडा गळाला लावतात, शिसे जोडून तो तळाशी सोडतात आणि वाट पाहतात. काठी वाकली की होडीत एकच गडबड उडते. मासा चपळ नसतो, पण त्याचे वजन ओढून ओढून हात भरून येतात. या माशाचा काठी-गळाने पकडल्याचा जागतिक विक्रम १९७५ मध्ये डेलावेअरच्या लुइस येथे नोंदला गेला: ११३ पाउंड १ औंस, म्हणजे ५१ किलोंहून अधिक.

२०/ यातला बहुतेक मोठा मासा छायाचित्र काढून पुन्हा पाण्यात सोडला जातो, आणि त्यामागे कायदा आहे. टेक्सासमध्ये १४ ते ३० इंच लांबीचे पाच ड्रम रोज ठेवता येतात. ५२ इंचांहून मोठा असल्यास त्यातला केवळ एक. मधल्या आकाराचे सारे मासे सोडून द्यावे लागतात. लुइझियानात ही चौकट १६ ते २७ इंचांची आहे. तर्क साधा आहे. लहान माशाला एकदा तरी विण्याची संधी मिळावी आणि मोठी मादी, जी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते, ती टिकून राहावी. मधला तेवढा माणसाच्या ताटात. विशेष म्हणजे टेक्सासच्या खाड्यांत ब्लॅक ड्रम आजही व्यावसायिक मच्छीमार पकडून विकू शकतात. एका लांब दोरीला अनेक गळ बांधून ते मासेमारी करतात. ज्याला राजमान्यता मिळाली नाही, त्याच माशाने गरिबाच्या धंद्याची एक खिडकी उघडी ठेवली.

२१/ राजमान्यतेचा हा भेद २००७ मध्ये पुन्हा दिसला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ऑक्टोबरमध्ये आदेश काढून रेड ड्रम आणि स्ट्राइप्ड बास यांना केंद्रीय पाण्यात 'क्रीडामत्स्य' म्हणून संरक्षण देण्याचे धोरण जाहीर केले. काळा ड्रम या आदेशातही नव्हता. दोघे एकाच कुळातले, एकाच खाडीतले, एकाच आमिषाला लागणारे. फरक माणसांच्या आवडीत होता.

२२/ कायद्याने सर्व काही साधते असेही नाही. २०१२ च्या सुमारास टेक्सासच्या बॅफिन बे परिसरात हाडे दिसण्याइतके कृश झालेले ब्लॅक ड्रम मोठ्या संख्येने आढळू लागले. त्यांचे मांस लिबलिबीत झाले होते. शोध घेतल्यावर संशय तळावरच्या लहान शिंपल्यांच्या टंचाईकडे गेला. म्हणजे मासा होता, पण त्याचे अन्न नव्हते. जाळी थांबवता येतात. पाण्याचा खारटपणा, पावसाची ओढ आणि तळाचे आरोग्य यांना मतदानाने बंदी घालता येत नाही.

२३/ महाराष्ट्राच्या वाचकाला या कथेतला एक शब्द ओळखीचा वाटेल: पर्ससीन. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. इथला संघर्ष पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक मासेमारी यांच्यातला. आखातातला संघर्ष जाळेवाला आणि काठीवाला यांच्यातला. आपल्याकडे निर्बंधांची मागणी लहान मच्छीमाराने केली, तिकडे लहान मच्छीमारच निर्बंधांखाली आला. 'मासे वाचवा' ही घोषणा दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच ऐकू येते. ती कोण देत आहे आणि तिची किंमत कोण मोजणार आहे, हे प्रत्येक वेळी तपासूनच इतिहासाने निकाल द्यावा.

२४/ मेक्सिकोच्या आखातातील ब्लॅक ड्रम चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो; अटलांटिक किनाऱ्यावर तर त्याचे वय साठीच्या घरात गेल्याचे कानातल्या खड्यांनी सांगितले आहे. म्हणजे १९८१ मध्ये, टेक्सासचा तो कायदा झाला त्या वर्षी, जन्मलेला मासा माणसाच्या निम्म्या आयुष्याएवढा काळ या पाण्यात काढू शकतो. तो लहान असताना कालववाल्यांनी त्याला शिव्या दिल्या. मग रेड ड्रमच्या जागी त्याच्या भाईबंदांना तव्यावर चढवले. मग जाळी गेली, मोजपट्ट्या आल्या, आणि म्हातारपणी तो पाहुण्यांच्या छायाचित्रांत झळकू लागला. या सगळ्या काळात मासा बदलला नाही. दर वसंतात तो विणीच्या जागी आला आणि पडघम वाजवत राहिला. बदलली ती त्याच्याकडे पाहणारी माणसे, आणि त्याची किंमत ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता ते हात.

(समाप्त)